शाळेतली मासेवाली

आपाकाका गेल्याचा फोन बाबांनी केला, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "तुमका कोणी सांगल्यान?" बाबा म्हणाले, "मी थंयच आसंय, रेवा." तरीही मी पुण्याच्या खोलीत फोन कानाला लावून उभी होते आणि मनात म्हणत होते, नीट चौकशी करायला हवी. याला कारण होतं. गेल्या वर्षी त्यांच्याच नावाचे कुणी गृहस्थ वारले आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आपाकाकांना श्रद्धांजल्या सुरू झाल्या. कुणीतरी काकूंचं सांत्वन करायला फोन लावला, तो आपाकाकांनीच उचलला. त्यानंतर कितीतरी दिवस ते भेटेल त्या नातेवाइकाला डोळे बारीक करून विचारत होते, "तू खरां मानलंस काय?" मी मानलं नव्हतं. मी ग्रुपवर 'नक्की का?' एवढंच लिहिलं होतं. "बरा केलंस," ते म्हणाले. आयुष्यात त्यांनी माझं केलेलं हे एकमेव उघड कौतुक. त्यामुळे यंदाची बातमी खरी मानणं मला बेइमानीसारखं वाटत होतं.

आपाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. कसालच्या बाजारापासून थोडं आत त्यांचं घर आणि घराला लागून त्यांची गणपतीची शाळा. आमच्याकडे गणपतीच्या मूर्ती जिथे घडतात त्या जागेला शाळाच म्हणतात, आणि ही शाळा मी पाहिलेल्या सगळ्या शाळांपेक्षा कडक होती. आमच्या घराण्याला संशयाचा वारसा आहे. माझी आजी सुताचा पीळ बघितल्याशिवाय पोलक्याचं कापड घेत नसे, बाबा एटीएममधून आलेल्या नोटासुद्धा उजेडाला धरून बघतात. पण आपाकाकांनी ही विद्या पार टोकाला नेली होती. मूर्ती ठरवायला आलेलं गिऱ्हाईक खिशातून फोन काढू लागलं, की ते मूर्तीच्या आणि फोनच्या मध्ये जाऊन उभे राहत. हा माणूस फोटो काढून नेणार आणि तसाच गणपती दुसऱ्याकडून प्लास्टरचा करून घेणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. हाताखाली माणूस ठेवला नाही, कारण माणूस शिकून घेतो. शाडू मळायला काकू आणि बाकी सगळं ते. स्वतःचा फोटो काढायलाही त्यांची सक्त मनाई. लग्नकार्यात कॅमेरावाला मंडपात शिरला, की आपाकाका जेवणाच्या पंगतीची व्यवस्था बघायला मागच्या दारी गेलेले असत. लहानपणी मला त्यांची भीती वाटायची आणि मनातून ते आवडायचेही, कारण त्या शाळेत आम्हा मुलांना कुणी हाकलत नसे. फक्त बाहेर पडताना आमचे हात उलटसुलट करून तपासले जात.

पुण्यात ॲनिमेशन शिकायला गेले तेव्हा बाबांनी अट घातली होती. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक छोटी फिल्म करून द्यावी लागते. ती झाली, पास झाले, तर या क्षेत्रात राहायचं. "मे म्हयन्यापर्यंत झाला तर झाला," बाबा म्हणाले होते, "नाय तर गुमान बी.एड. कर." मी मातीच्या बाहुल्यांची फिल्म करायचं ठरवलं. गोष्ट अगदी साधी होती. एक मासेवाली पाटी घेऊन बाजाराला निघते, पाटीतला एक बांगडा उडी मारून पळतो, ती त्याच्या मागे गल्लीबोळातून धावते आणि शेवटी बांगडा समुद्रात जातो. पडद्यावर दीड-दोन मिनिटांचा खेळ. पण त्यासाठी अशी एक जागा लागते, जिथे काही महिने कुणी पाऊल आपटणार नाही आणि वारासुद्धा विचारून आत येईल. मालवणच्या आमच्या घरात आई पर्यटकांना खोल्या देते. तिथे पाहुण्यांची पोरं न्हाणीघराच्या कड्यासुद्धा जागेवर ठेवत नाहीत. दिवाळीनंतर आपाकाकांची शाळा रिकामी असते हे मला ठाऊक होतं. मी एसटीने कसालला गेले आणि पडवीत बसून त्यांना सगळं समजावून सांगितलं. बाहुली जरा हलवायची, फोटो काढायचा. पुन्हा जरा हलवायची, पुन्हा फोटो. असे बारा फोटो भरभर दाखवले की एक सेकंद होतो, आणि बाहुली चालते आहे असं वाटतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे ती हलणा नाय. पण लोकांका वाटता, हलता."

"होय."

"मगे ह्या फसवणा झाला. बापाशीन ह्याच शिकूक धाडल्यान तुका?"

मला फार लागलं ते. पुण्यात कुणी असं म्हटलं असतं तर मी हसले असते. पण ज्या माणसाच्या हातात माती बघून मला या सगळ्याची गोडी लागली, त्याने माझ्या धंद्याला फसवणूक म्हणावं, हे पचेना. काकूंनी आतून सोलकढी आणून दिली, ती प्याले. आणि मग त्यांनीच, न विचारता, अटी सांगायला सुरुवात केली. साच्यांचा फोटो काढायचा नाही. त्यांचा तर नाहीच. चावी त्यांच्याकडे राहील. सकाळी ते उघडतील, संध्याकाळी ते कुलूप लावतील. म्हणजे हो होता तर! पण तो हो अशा तोंडाने दिला होता, की मी घरी येईपर्यंत विचार करत राहिले, यात यांचा डाव काय असेल...

मग सुरू झाली आमची ती विचित्र सहशाळा. मी खिडक्यांना काळा कागद लावला, जमिनीवर कॅमेऱ्याचा स्टँड चिकटपट्टीने जखडला, दोन दिवे उभे केले. मेणासारखी एक तेलकट माती येते, जी सुकत नाही, तिची मासेवाली केली, आत तारेचा सांगाडा घालून. आपाकाका दारातून बघत होते. त्यांनी त्या मातीचा गोळा हातात घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला. "जी माती सुकणा नाय, ती माती कसली?" त्यानंतर ते रोज काही ना काही कारण काढून येत. कधी दोरी न्यायला, कधी डबा ठेवायला. आणि एखादा प्रश्न टाकून जात. एकदा म्हणाले, "ह्या बटान दाबला काय फोटो येता?" मी हो म्हटलं. "आणि आवाज कित्याक करता?" मी तेही सांगितलं. दिवा कुठून लागतो, बांगड्याला हवेत धरून ठेवणारी तार फोटोत कशी दिसत नाही, बाई पाय उचलते तेव्हा पडत कशी नाही, सगळं त्यांना हवं असे, आणि उत्तर ऐकल्यावर चेहरा असा करत, की मी खोटंच सांगते आहे. मला वाटे, चूक शोधताहेत. बाबांना सांगायला काहीतरी गोळा करताहेत.

कॅमेरा माझ्या लॅपटॉपला वायरने जोडलेला असे. फोटो थेट लॅपटॉपमध्ये उतरत आणि कालचा शेवटचा फोटो आजच्या चित्रावर पुसटसा ठेवून बघता येई, म्हणजे बाहुली जागेवर आहे की नाही ते कळतं. संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन मालवणला जायची. कॅमेरा मात्र हलवायचा नसतो, म्हणून तो तिथेच स्टँडवर राहायचा. आणि एके दिवशी सकाळी बघते तर मासेवाली जागेवर नव्हती. म्हणजे होती तिथेच होती, साध्या डोळ्यांना काही कळलं नसतं. पण पडद्यावर कालची बाई आणि आजची बाई एकमेकींत मिसळेनात. खांदा केसभर खाली, मान किंचित वळलेली, पाटी तिरकी. एवढ्याने सबंध दृश्य वाया जातं, कारण पडद्यावर ती बाई मध्येच दचकल्यासारखी दिसते. मी उंदरांवर संशय घेतला. मग हायवेवरून जाणाऱ्या डंपरांवर. मग उकाड्यावर, की माती रात्रीतून मऊ पडते की काय. त्याच सुमारास कॅमेऱ्याची बॅटरी सकाळी मेलेली सापडू लागली, तेव्हा मी मालवणच्या ज्या दुकानदाराने ती विकली त्याच्याशी जाऊन भांडले. पण चावी एकाच माणसाकडे होती आणि मी काही दूधखुळी नव्हते. सरळच विचारलं, तर आपाकाका भडकले. "तुझ्या त्या बाईक हात लावून माका काय गावतला?" आणि वर माझ्यावरच उलटले. "माझो बारीक ब्रश खंय आसा? तूच न्हेलंस."

त्यानंतर आमच्यात जे चाललं, त्याला शेजारधर्म म्हणता येणार नाही. निघताना मी उंबऱ्याच्या आत शाडूची बारीक पूड भुरभुरून ठेवली, पाऊल उमटलं की पकडीन म्हणून. सकाळी आले तर उंबरा लख्ख. "शाळेत केर काढूक नको?" आपाकाका म्हणाले, आणि ही पूड तिथे आलीच कशी, माती महाग झाली आहे, असं पाच मिनिटं मला ऐकवलं. मी दाराच्या फटीत काडी खोचून ठेवली. ती काडी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर, नीट मधोमध ठेवलेली होती. दुपारी काकू आम्हा दोघांना एकाच पंगतीत वाढत आणि आम्ही एकमेकांच्या पानांकडेसुद्धा शंकेने बघत जेवत असू. इकडे मे महिना जवळ येत होता, बिघडलेली दृश्यं पुन्हा करण्यात आठवडे जात होते, बाबा फोनवर बी.एड.च्या प्रवेशाचं बोलू लागले होते आणि मला रोज एसटीत रडू यायचं. खरंच यायचं. खिडकीकडे तोंड करून मी रडायची आणि कंडक्टर विचारायचा, काय झालं बाय, तर म्हणायची, डोळ्यात धूळ गेली.

शेवटी मासेवालीच्या नाकावर मला एक लाल धागा सापडला. त्या तेलकट मातीला काहीही चिकटतं. दुसऱ्या दिवशी मी मालवणहून पहिल्या गाडीने निघाले, आपाकाका कुलूप काढत असतानाच दारात पोचले आणि त्यांच्या बगलेखालून आत घुसले. मासेवालीच्या तोंडावर लाल कापडाचा चौकोनी तुकडा घातलेला होता. नवा, कडा नीट दुमडून शिवलेला. अगदी तिच्या मापाचा.

"ह्या काय?" मी ओरडलेच.

आपाकाका माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत म्हणाले, "डोळे आखलंस मां तिचे? मगे तोंड उघडा टाकून कशी जातंस?"

मी तिला पांढऱ्या मण्यांचे डोळे लावून त्यांवर काळ्या रंगाने बुबुळं आखली होती. आपाकाकांच्या शाळेत डोळे आखणं हे शेवटचं काम. ते झालं की गणपतीचं तोंड झाकायचं आणि ते घरी नेऊन मखरात बसवल्यावरच उघडायचं. हे मी लहानपणापासून पाहत आले होते. पण हा नियम माझ्या बाईला लागू होईल हे मला कसं सुचावं? मी म्हटलं, "ती देव नाय, आपाकाका. मासे इकता ती."

"डोळे आसत मां? शाळेत कोण नसताना ती कोणाक बघतली?"

मला हसूही येत होतं आणि रागही. तोडगा त्यांनीच काढला. माडीवरून एक मोठा वेताचा हारा आणला, तो बाईवर उपडा घातला आणि त्याच्यावर कापड टाकलं. म्हणजे झाकलीही गेली आणि कापड अंगालाही लागलं नाही. त्यानंतर बाई बरीचशी जागेवर राहू लागली. अगदी पूर्ण नाही. अधूनमधून मान केसभर हललेली असायचीच आणि बॅटरीही मरायचीच, पण आता माझ्याकडे उलटतपासणीला वेळ नव्हता. मी डंपरांना शिव्या देत काम उरकलं. फिल्म वेळेत झाली. ती बघून पुण्यातल्या एका स्टुडिओने मला बोलावलं, आणि बाबांनी बी.एड.चा विषय पुन्हा काढला नाही.

आपाकाकांना फिल्म दाखवायला मी मुद्दाम कसालला गेले. लॅपटॉप पडवीतल्या बाकावर ठेवला. ते लांब बसून, मान मागे घेऊन बघत होते. फिल्म संपली. मी वाट बघत राहिले.

"बांगडो गेलो?" त्यांनी विचारलं.

"गेलो. दर्यात."

"मगे तिच्या पाटीत काय रवला?" एवढं बोलून ते उठले आणि शाळेचं कुलूप ओढून बघायला गेले. बरं नाही, वाईट नाही, काही नाही. मला वाटलं, यांच्या लेखी ती अजून फसवणूकच आहे. त्यानंतर दोन वर्षं मी दर सुट्टीत जात राहिले, दर वेळी वाटायचं, आज काहीतरी बोलतील... पण विषय कधी निघाला नाही आणि या उन्हाळ्यात दुपारचं जेवून पडवीत आडवे झालेले आपाकाका उठलेच नाहीत. परीक्षकांनी दिलेले गुण माझ्याकडे कागदावर होते. ज्या माणसाचे गुण मला हवे होते, तो न देताच गेला, याचं मला त्या दिवसांत फार दुःख झालं. मरणाच्या दुःखातही असं स्वतःपुरतं दुःख असतं.

बाराव्याच्या आधी काकूंनी मला हाक मारली. भिंतीवर लावायला त्यांचा फोटो हवा होता. घरात एकही नव्हता. लग्नाच्या अल्बममध्ये काकूंच्या शेजारी एका खांद्याचा तुकडा दिसतो, बाकी कॅमेऱ्याबाहेर. आधार कार्डावरचा होता, पण त्यात ते सरकारकडे ज्या नजरेने बघत होते, त्या फोटोला हार घालायचं धाडस कुणाला होईना. "तू इतके म्हयने फोटो काढी होतंस," काकू म्हणाल्या, "तेंचो एक पण नाय?" मी नाही म्हटलं. मला अट घातली होती आणि मी ती पाळली होती. तरी मालवणला जाऊन मी सगळं चाळलं, न जाणो एखाद्या फोटोत मागून जाताना आले असतील. लॅपटॉपमधल्या हजारो फोटोंत मासेवाली होती आणि बांगडा होता. मग कपाटातला तो जुना कॅमेरा काढला. त्यात एक कार्ड असतं. माझे फोटो थेट लॅपटॉपमध्ये उतरत असल्यामुळे मी ते कधी उघडूनही बघितलं नव्हतं. वायर काढलेल्या कॅमेऱ्याचं बटण कुणी दाबलं, तर मात्र फोटो त्या कार्डावर उतरतो.

कार्डावर फोटो होते. मी काढलेले नव्हते. पहिल्या फोटोत नुसता अंधार, दुसऱ्यात दिवा लागलेला, तिसऱ्यात मासेवाली, मी संध्याकाळी सोडून गेले होते तशी. पुढच्यात तिची मान खाली. पुढच्यात आणखी खाली. मी ते सगळे ओळीने लावले आणि भरभर चालवले. बाई थांबते. वाकते. मोठ्या झटक्याने, कंबर मोडल्यासारखी वाकते. हात पुढे करते. बांगडा पडला आहे तिथवर तिचा हात पोचत नाही, म्हणून मध्ये एकदा बांगडाच तिच्याकडे सरकतो. ती तो उचलते. पाटीत टाकते. आणि सरळ उभी राहून, मी सोडून गेले होते त्या जागी, त्याच पोझमध्ये परत येते. जेमतेम काही सेकंद. काही फोटोंत हात वेळेत मागे घ्यायचा राहून गेला आहे. बोटं, मनगट, मनगटावरचा करगोट्यासारखा काळा दोरा, आपाकाकांचा. पण तारखा बघितल्या तेव्हा मी उडालेच. हे एका दिवसाचं काम नव्हतं. एक चाल जमली नाही, की दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा केलेली, हाऱ्याच्या आधीही आणि हाऱ्याच्या नंतरही. आणि दर वेळी बाई परत जागेवर ठेवून दिलेली, इतकी बेमालूम, की केसभराचाच फरक राहावा. कापडाची गोष्ट खरी होती, पण ती अर्धीच. उरलेल्या अर्ध्या गोष्टीवर त्या कापडानेच पांघरूण घातलं होतं. माझा संशय बरोबर होता! आयुष्यात कुठलाही संशय खरा ठरल्याचा मला इतका आनंद झालेला नाही. मी त्या कपाटासमोर फतकल मारून बसले आणि हसत रडले, आईचे पाहुणे दारातून डोकावून गेले.

कसालला जाऊन मी काकूंना ते दाखवलं. त्या पडद्याच्या जवळ सरकल्या. "तरीच," म्हणाल्या. "तू गेलंस काय तुझे लायटी पेटवून बसत. कित्याक जाळतास, म्हणान इचारलंय तर माझ्यावरच बोंबलत." मग त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मी पुन्हा लावलं. कुठल्याही परीक्षकाने नापास केली असती अशी ती चाल आहे. सांधे दिसतात, हात दिसतो, बांगडा आपणहून सरकतो. सगळं उघड दिसत असूनही ती बाई वाकली की मला ती खरंच वाकल्यासारखी वाटते. मी दर वेळी फसते.

भिंतीसाठी मग काकूंनीच त्यातला एक निवडला. मालवणच्या स्टुडिओवाल्याने तो मोठा करताना दोनदा विचारलं, "ह्यात माणूस खंय आसा?" आता तो आपाकाकांच्या शाळेत, दारासमोरच्या भिंतीवर, हार घालून लावलेला आहे. त्यात पाटी घेतलेली मातीची बाई आहे, पाटीत बांगडा आहे आणि कडेला, निघायला उशीर झालेला एक हात आहे. भेटायला येणारी माणसं चपला काढतात, हात जोडतात आणि मग डोळे बारीक करून जवळ जातात. हा फोटो आपाकाकांचा कसा, असं विचारतात. काकू पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि सांगतात, "तेंचो नाय. तेंनी काढलेलो आसा."